शारोश जिल्ह्यातली घरं

किशोरी पनवेलच्या एका ऑफिसात परदेशी वेबसाइटसाठी माहिती लिहायची. त्या आठवड्यात तिच्याकडे हंगेरीतला शारोश नावाचा जुना जिल्हा आला होता.

"शंभर वर्षांपूर्वी तो जिल्हाच मोडला, बाबा. गावंच्या गावं दुसऱ्या देशात गेली."

घराच्या छपराची कौलं उतरवणारा तिचा बाप काशीराम थांबला. "मंग लोकांची घरा पाडली?"

"नाय. घरं, शेतं, नदी, सगळं जागच्या जागी. निस्ता देश बदलला."

"नशीबवान हायेत," म्हणत त्याने पुढचं कौल काढलं. इथे त्यांचं स्वतःचं गाव प्रकल्पात गेलं होतं. ज्याने त्याने आपलं घर आपल्या हाताने पाडून जागेचा फोटो नेऊन दाखवायचा, मगच दुसरीकडे प्लॉट मिळणार होता.

घर पाडायला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी तो धुतलेला सदरा घालून, देव्हारा होता तिथे उभा राहिला. किशोरीने फोटो काढला.

प्रकल्पाच्या कचेरीत खिडकीवरच्या साहेबाने तो परत केला. "जागा मोकळी दिसली पाहिजे. यात माणूस आहे."

जागेवर परतल्यावर किशोरीने पुन्हा मोबाइल धरला. "बाबा, जरा बाजूला सर."

"कुठवर?"

"दिसेनासा होशील तिथवर."