कोचची तिरडी

तिरडी टेम्पोच्या तोंडासमोर आणून टेकवली आणि हलगी थांबली.

दौंडच्या रेल्वे क्वार्टरांपुढं शंभरेक माणसं जमली होती. दौंडच्या हॉकी संघाचा पगारी कोच इनुस शेख काल कुणालाही न सांगता निघून गेला होता. गेला तोही कुठं, तर शिरूरकडच्या एका कारखान्याच्या संघात. आणि रविवारी फायनल त्याच संघाशी. सकाळी बातमी चहाच्या टपरीवर पोचली, दुपारपर्यंत पुतळा तयार झाला. मागच्या वर्षी करंडक आणला तेव्हा याच माणसांनी इनुसला खांद्यावर घेऊन नाचवलं होतं. आज त्याच खांद्यांवर त्याची तिरडी होती.

पुतळा उसाच्या पाचटाचा, डोकं गोणपाटाचं. अंगात संघाचा निळा शर्ट. तो जालिंदरनं येता येता कोचच्याच परसातल्या दोरीवरून ओढला आणि उलटसुलट न बघताच पुतळ्यावर चढवला होता. कोच मुसलमान आणि तिरडी हिंदू रीतीची, हे रागाच्या भरात कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. धुमसतं मडकं धरून पुढं हनुमंत चालत आला होता. संघाचा सेंटर फॉरवर्ड रुद्र हा त्याचा एकुलता एक मुलगा.

टेम्पोत सामान भरून झालं होतं. पुढच्या सीटवर कोचची दहा वर्षांची पोरगी लुबना पाण्याची बाटली पोटाशी धरून बसली होती. ड्रायव्हर किल्ली खिशात घालून केव्हाच लांब जाऊन उभा राहिला होता. इनुसची बायको हसीना शेवटचं गाठोडं घेऊन दारात आली आणि तिथंच थांबली. जायला वाटच नव्हती.

"भाभी, तुमच्याशी आमचं काय भांडान न्हाई," हनुमंत म्हणाला. "पर हे जळल्याबिगर टेम्पो हलायचा न्हाई."

"आधी पोरीला जाऊ द्या, हनुमंतभाऊ. मग काय जाळायचं ते जाळा."

"आन् माझ्या पोराचं काय? रुद्रनं सकाळधरनं अन्नाला हात लावला न्हाई. ल्हानपणापासनं सर, सर करत मागं फिरलाय. एक शबुद सांगायचा व्हता त्याला! सांगून गेले असते तर आम्ही काय आडवलं असतं का?"

हसीनानं टेम्पोपुढच्या गर्दीकडं बघितलं. "मग आत्ता काय करताय?"

मागून कुणीतरी शिवी हासडली. "जाळा रं! कशाला नादी लागताय?" जालिंदरनं कॅनचं बूच काढलं आणि पुतळ्यावर रॉकेल ओतलं. गाद्या बांधलेला टेम्पो तिरडीपासून दोन हातांवर होता. लुबना काचेमागून आईकडं बघत होती. गाठोडं टाकून ती गर्दीत घुसली, मिळेल तिथून वाट काढत टेम्पोपाशी आली आणि पोरीला खाली ओढायला तिनं दार धरलं.

तेवढ्यात तिची नजर पुतळ्याच्या बाहीवर गेली. निळ्या कापडावर पिवळ्या दोऱ्याचा टाका होता. घरात निळा दोरा संपला म्हणून तिनंच घातलेला.

तिनं दार सोडलं. गप्प राहिली असती तरी तिला कुणी काही म्हणणार नव्हतं.

"हा शर्ट कोणाचा हाय म्हाईत हाय का?" ती म्हणाली.

"कोचचा! तुमच्याच दोरीवरचा हाय," जालिंदर म्हणाला.

"माझ्या दोरीवर सगळ्या टीमचे शर्ट असतात, जालिंदर. दर मॅचनंतर मीच धुते. पालथा करून बघा."

"उगं येळ काढतीय बाई. लाव रं हनुमंता!" मागून कुणीतरी ओरडलं.

हनुमंतनं काडी ओढली. तशी हसीनाच झटकन वाकली आणि खांद्याला धरून तिनं तो कुशीवर केला. पाठीवर पांढरा सात होता.

दौंडमध्ये सात नंबर कुणाचा, हे शेंबडं पोरगंही सांगेल.

हनुमंतनं पेटती काडी मुठीत दाबली. त्यानं खाली ठेवलेलं मडकं टेम्पोच्या चाकापाशी अजून धुमसत होतं. ते धरून कोण चालत आलं होतं आणि कुणाच्या शर्टापुढं, हे आता सगळ्यांनाच दिसलं. हलगीवाल्यानं हलगी पाठीमागं लपवली.

"काढा ते," हनुमंत कसाबसा म्हणाला. "भाभी, माझा हात न्हाई धजत."

हसीनानं गुंड्या सोडल्या, बाह्यांतलं पाचट उपसलं. दाराशी पडलेलं गाठोडं उघडून तिनं साबण काढला आणि क्वार्टरांच्या नळावर जाऊन शर्ट धुतला. शंभर माणसं एका बाईचं धुणं बघत उभी होती. जालिंदरनं उघडी तिरडी स्वतःच ओढत नेऊन बाजूला टाकली.

तिनं शर्ट पिळला, झटकला आणि हनुमंतच्या हातात दिला. त्यानं तो छातीशी धरला. त्याच्या सदऱ्यावरून पाणी गळायला लागलं.

"भाभी, सरांच्या कानावर नका घालू हे."

हसीना गाठोडं उचलून लुबनाशेजारी जाऊन बसली. ड्रायव्हर आला. गर्दी दुभंगली आणि टेम्पो हलला. हनुमंतपाशी आल्यावर तिनं काच खाली केली.

"रॉकेलचा वास एका धुण्यात जात न्हाई, हनुमंतभाऊ. रुद्रनं घालायच्या आधी घरी आणखी एकदा धुवा."