पस्तीस शून्यं आणि एक चार

गणिताच्या बाई गॅरेजात शिरल्या त्या हातात कागद घेऊनच. धाकटा दीर स्कूटरखाली आडवा झाला होता. बाहेर दिसत होते ते फक्त त्याचे पाय, तेव्हा बाईंनी पायांपासूनच सुरुवात केली.

"भावजी, बाहेर या."

आधी पाय सरकले, मग तेलाने माखलेलं हसू बाहेर आलं. "वहिनी, तुम्ही? शाळा सुटली?"

"शाळा राहू द्या. या गॅरेजच्या कर्जाला मी जामीन राहिले तेव्हा काय म्हणाला होतात? एक हप्ता चुकणार नाही. मग हे काय?"

बाईंना गच्चीवर शिकवणीची खोली बांधायची होती. त्यासाठी बँकेत अर्ज केला, तर तिथल्या साहेबांनी त्यांचाच क्रेडिट रिपोर्ट हातात ठेवला आणि नीट वाचून या म्हणाले. शेवटच्या पानावर दिराचं कर्ज होतं आणि खाली महिन्यांचे छत्तीस चौकोन. बाईंनी लाल पेनाने एकेकाभोवती गोल मारला होता. शून्य, शून्य, शून्य. एवढी शून्यं त्यांनी सातवीच्या ब तुकडीलाही कधी दिली नव्हती. खोली तर हातची गेलीच, पण बुडवणारा घरचाच निघाला, हे त्यांना जास्त लागलं होतं.

"तीन वर्षांत छदाम भरला नाहीत. मधे एका महिन्यात तेवढे चार दिसतायत. त्या महिन्यात सुबुद्धी झाली असेल."

दिराने फडक्याला हात पुसले, कागद घेतला आणि चौकोनांच्या वरची बारीक ओळ मोठ्याने वाचली. "'हप्ता भरायला झालेला उशीर, दिवसांत.' वहिनी, शून्य म्हणजे शून्य दिवस उशीर." मग भोळा चेहरा करून म्हणाला, "प्रश्न दोनदा वाचावा, असं आपल्या घरात कुणीतरी सारखं म्हणत असतं."

बाईंनी कागद ओढून घेतला. ती ओळ वाचली, मग पुन्हा वाचली. उचलली जीभ लावली टाळ्याला, हे त्या वर्गात रोज कुणाला तरी सुनावत. आज स्वतःलाच सुनवायची पाळी आली होती. लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही हायसं वाटलं. पण हाडाच्या बाई, त्या उत्तर अर्धं सोडणार थोड्याच.

"म्हणजे हा चार, तो चार दिवसांचा उशीर. तो का झाला?"

"राहिला असेल." दीर पाना शोधायला लागला. पाना त्याच्या खिशातच होता.

बाईंनी चौकोनावरचा महिना पाहिला. त्याच महिन्यात त्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं. नवरा परगावी अडकलेला. गॅरेजला कुलूप लावून दवाखान्यात कोण बसून होतं, ते त्यांना आता कुणी सांगायला नको होतं.

"माझ्यामुळे तुमच्या रिपोर्टला तेवढा डाग लागला बघा," दीर पुन्हा स्कूटरखाली सरकत म्हणाला. "बँकेत विचारतील."

"विचारू देत की." बाईंनी लाल पेनाला टोपण लावलं. "सांगेन, जामीनदार आत खाटेवर होती आणि कर्जदार बाहेर बाकावर."