दाराजवळची खुर्ची

“उद्या आपली खुर्ची मधे गेली, तरी दाराजवळच्याचं ऐकायचं हं,” जागतिक परिषदेत आपल्या खंडाची बाजू मांडणाऱ्या साहेबांनी निवृत्त होताना त्यांच्या जागी येणाऱ्या बाईंना बजावलं होतं. तेव्हा त्यांची खुर्ची दाराजवळच असायची. बाईंनी तसा शब्द दिला होता.

पुढे त्यांच्या खंडाचं जगात वजन वाढलं आणि यंदाच्या परिषदेत त्यांची खुर्ची खरंच मधे आली. बाईंना स्फुरण चढलं. ‘लहान देशांचं ऐका’ या विषयावर त्या दहाऐवजी चांगली चाळीस मिनिटं बोलल्या. टाळ्या पडल्या आणि जेवणाची सुट्टी झाली.

दाराजवळ एका चिमुकल्या बेटाचे प्रतिनिधी आपल्या भाषणाच्या कागदाची घडी करत होते. समुद्र गावात शिरलाय, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

“अगंबाई, तुमचं राहिलंच की!”

“असू द्या, बाई. आमच्या वतीनं तुम्ही किती भरभरून बोललात!”

बाई मागे वळल्या आणि मधली जड खुर्ची दाराकडे ओढू लागल्या.