अजून उंच

लिंबं पिळून मी पातेल्यात चमच्याने साखर ढवळायला लागले, तसं खुर्चीतल्या अप्पांनी वळून पाहिलं. अर्धांगवायू झाल्यापासून ते नुसते खिडकीबाहेर बघत बसायचे. बोलणं नाही की खूण नाही.

लहानपणी आमचं सरबत अप्पाच करायचे. चमचा नाहीच! या तांब्यातून त्या तांब्यात, हात डोक्याच्या वर नेऊन धार सोडायचे. आम्ही ओरडायचो, "अजून उंच!" आई करवादायची, "अहो, सांडेल! मुंग्या येतील!"

मी दोन तांबे काढले, धार धरली. अप्पांचा चांगला हात मांडीवरून हळूहळू उठला. वर, आणखी वर.

मीही हात उंचावला. निम्मं सरबत फरशीवर गेलं.

फडकं घेऊन आलेली आई दारातच थबकली. अप्पांच्या हाताकडे बघत म्हणाली, "सांडू दे. अजून उंच धर."