तिसरी बाही

"सांभाळून घाल, उसवेल," बाबा म्हणाले.

मुलाने उजवा हात नव्या शर्टाच्या उजव्या बाहीत घातला. डावा डाव्या बाहीत. तरी एक बाही उरली. ती छातीवर मधोमध होती आणि लोंबत होती.

बाबा शिंपी. गेल्या वर्षी त्यांच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली, उजवा हात लुळा पडला, दुकान बंद झालं. हात हळूहळू परत आला तसे ते घरातल्या मशीनवर बसू लागले. मुलासाठी दोन शर्ट शिवले. दोन्ही उत्तम झाले. ऑफिसातल्या एकाने तर शिंप्याचा पत्ता मागितला. घरी येऊन त्याने हे सांगितलं, तेव्हा बाबा नुसते "हं" म्हणाले. हा तिसरा शर्ट. तो जमला तर सोमवारपासून दुकान उघडायचं, असं त्यांनी जाहीर केलं होतं. दुकानाची किल्ली पुसूनबिसून मशीनवर ठेवली होती.

"कसा झालाय?"

त्याने आरशात पाहिलं. टीप सरळ होती. कापडावरचा पट्टा छातीवरून तिसऱ्या बाहीत जसाच्या तसा उतरला होता. कफ होता, काज होतं, बटण होतं. बाबा काहीही विसरले नव्हते. फक्त माणसाला हात किती असतात, तेवढं विसरले होते.

"मस्त," तो म्हणाला.

"कुठे दाटत नाही ना?"

"छे! चांगला ऐसपैस आहे."

स्वयंपाकघरात बायकोने त्याला कोपऱ्यात घेतलं. "अहो, सांगून टाका त्यांना."

"काय सांगू? हात बरा झाला, आता डोकं गेलं? परत मशीनला हात लावणार नाहीत ते."

"मग वरून जॅकेट तरी घाला."

"गॅलरीत उभे राहतात ते. मी वळेपर्यंत बघत असतात."

"जा मग असेच. मी काही बसस्टॉपपर्यंत येत नाही. मी दोन बाह्यांच्या माणसाशी लग्न केलंय."

तो एकटाच निघाला. मागे गॅलरीत बाबा असल्यामुळे बाहीवर बॅग धरता येईना. शेवटी त्याने तिन्ही बाह्या नीट हलतील असं चालायला सुरुवात केली. वळणावर पोचल्यावर बाही आत कोंबायचा विचार होता, पण ती कोंबल्यावर पोट सुटल्यासारखं दिसायला लागलं. त्याने ती परत बाहेर काढली. पोटापेक्षा बाही बरी.

बसमध्ये सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि त्याने त्यांच्याकडे बघितलं की लगेच खिडकीबाहेर बघत होते. एकदा वाटलं, उतरावं, घरी जावं, खरं बोलावं. मग ती पुसून ठेवलेली किल्ली आठवली. तो बसून राहिला.

तो पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीवर बसायचा. म्हणजे लपायची सोय नव्हती. साहेब आत येता येता थबकले.

"हे काय आहे?"

"बाही, सर."

"कुणाची?"

"माझीच."

साहेबांनी थोडा विचार केला. नियमात बाह्यांबद्दल काही नव्हतं. ते केबिनमध्ये गेले.

खिडकीवर पहिल्या आल्या त्या एक आजी. त्यांनी चष्मा पुसून परत लावला.

"तिसरा हात कुठे गेला रे?"

"रजेवर आहे, आजी."

"मग उरलेले दोन तरी जरा भरभर चालव. आमच्याकडे कालपासून पाणी नाही."

रांग हसली. तोही हसला, आणि छातीवरचा धोंडा कुठेतरी सरकला. जेवणाच्या सुट्टीनंतर कोणी विचारेनासं झालं. त्याने तिसऱ्या बाहीच्या कफात पेन अडकवलं. संध्याकाळी बसमध्ये एकाने टक लावून पाहिलं, तर त्याने उलट विचारलं, "शिंप्याचा पत्ता हवाय का?" तो माणूस पुढच्या स्टॉपवर उतरला. हा मात्र ताठ मानेने, बाही झुलवत घरी आला. एवढी छाती आपल्याला आहे हे त्याला आजच कळत होतं.

बाबा मशीनपाशी बसले होते. किल्ली जागेवर होती.

"दिवसभर हाच घातलास?"

"हो तर! सगळ्यांना आवडला."

"बाह्या नीट बसल्यात?"

"एकदम."

बाबांनी जवळ बोलावलं. तिसरी बाही हातात घेतली, छातीवरच्या शिवणीपासून कफापर्यंत बोट फिरवलं.

"छातीच्या मधोमध बाही जोडायला मुंडा कापायचा, म्हणजे आधी कागदावर आखावं लागतं," ते म्हणाले. "पट्टे जुळवायला तर अख्खा दिवस गेला. असलं काही चुकून होत नाही."

त्याला आधी समजलंच नाही. मग समजलं. दारात बायको हातात झारा घेऊन उभी राहिली होती.

"मुद्दाम शिवलात?"

"मला स्वतःला आता खात्री वाटत नाही रे. टीप सरळ दिसते, पण डोळ्यांवर भरवसा नाही. म्हटलं, घरात कोणीतरी खरं सांगणारं आहे का, तेवढं बघू. मग दुकान उघडू."

बाबांनी किल्ली उचलून त्याच्या हातात दिली आणि मशीनवर कव्हर चढवायला घेतलं.

"बाबा, आधीचे दोन शर्ट खरंच चांगले होते! शपथेवर सांगतो. अगदी खरं!"

बाबांनी कव्हराचा कोपरा नीट खाली ओढला.

"हो ना," ते म्हणाले. "आणि हा तर मस्तच झालाय."