घंटेपाशी मागितलेलं

"ताई, तू ते बोलून टाक," मधली म्हणाली.

थोरली कातडं कापत होती. तिने कात्री खाली ठेवली नाही. "काय बोलून टाकू?"

"तुला ठाऊक आहे. घंटेपाशी मागितलेलं."

खालून दुकानातला आवाज येत होता. मधलीचा नवरा गड्याशी काहीतरी बोलून हसत होता. तो सरदारांकडे नकाशे काढायचा. बायकोबरोबर मेहुणीकडे येणं त्याला मनापासून आवडायचं, आणि आज तर बायकोनेच आग्रह करून आणलं होतं.

हातमोजे शिवणाऱ्याच्या त्या घरात तीन मुली होत्या. थोरली रूपाची, धाकटी लाडाची. मधली शिवणकामाची. पाहुणे आले की थोरलीला बसायला सांगत, धाकटीला गायला सांगत आणि मधलीला पाणी आणायला सांगत. एकदा तर खुद्द बापानेच तिला न मोजता गाडी हाकली होती. ती रागावली नाही. खाली मान घालून हातमोज्यांची बोटं शिवत राहिली.

गावच्या जुन्या घंटेची दोरी प्रत्येकाला आयुष्यात एकदाच ओढता येई. मनात मागायचं, मिळायचं. फक्त ते पुढे कुणापाशी बोलायचं नाही. बोललं की त्याच क्षणी मोडलं. पाववाल्याने म्हणे कुरळे केस मागितले होते. मुलाच्या लग्नात चार घोट जास्त झाले, फुशारकी मारायला गेला आणि वाक्य संपायच्या आत डोकं गुळगुळीत झालं. तेव्हापासून लोक तोंडाला कुलूप घालून असत.

नकाशेवाला वर्षभर दर आठवड्याला दुकानात येई. प्रत्येक खेपेला एक उसवलेला हातमोजा. तो थोरलीशी तासन्‌तास बोलत बसे, त्यामुळे हे प्रकरण कुठवर आलंय ते आंधळ्यालाही दिसत होतं. मधली हातमोजा शिवून परत देई. तिला त्याच्या हाताचं माप पाठ होतं, चेहरा धड आठवत नसे.

मग एका संध्याकाळी थोरली घंटेकडे जाऊन आली. त्यानंतर तो आला तेव्हा त्याच्या नुसत्या आवाजाने मधलीला सुई थांबवावी लागली. तिने वर पाहिलं. पुढच्याच खेपेला त्याने मागणी घातली, तीही मधलीला. गाव चाट पडलं. धाकटी तर म्हणाली, "त्यांची नावात गफलत झाली असेल."

लग्नाच्या दिवशी बहिणीचे केस विंचरताना थोरली बोलून गेली, "माझी घंटा तुझ्या संसारासाठी वाजली गं." तेवढंच. पण मधलीला जे कळायचं ते कळलं.

आठ वर्षं झाली होती त्याला. नवरा कधी वाकडं बोलला नाही. नकाशाच्या कोपऱ्यात जिथे इतर लोक जहाजं नि मासे काढतात तिथे तो खाली मान घालून शिवणारी एक बाई काढी. सरदार त्यावरून त्याची थट्टा करत. मधली ते चित्र पाही आणि तोंड फिरवी. हे सगळं त्या दोरीचं. याच्या मनात खरं कोण होतं, कुणास ठाऊक.

"तू सुखात नाहीस का?" थोरलीने विचारलं.

"आहे की. म्हणून तर झोप लागत नाही."

"तुझा जीव आहे ना त्याच्यावर?"

"वेड्यासारखा. तो घरात नसला की मला घर खायला उठतं."

"मग पुरे झालं की. उगाच उकरू नकोस, मधले. मी सांगते, तो तुझाच आहे."

"विश्वास ठेवून बघितला, ताई. नाही जमत. तो हात धरतो आणि मला वाटतं, ती घंटाच याला धरायला लावतेय. बिचाऱ्याला ठाऊकही नाही."

"आणि बोलल्यावर सगळं गेलं तर?"

"तर गेलं. मी रडेन, पण निदान मोकळी होईन. नाही बोललीस तर मी आजच त्याला सोडून जाते. चोरीचं प्रेम मला नको."

थोरलीने आता कात्री ठेवली. मधली जे म्हणते ते करते, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. तिचे डोळे भरून आले होते.

"त्याला वर बोलाव," ती म्हणाली.

"अहो," मधलीने जिन्यातून हाक मारली. "जरा वर येता?" मग ती बहिणीकडे वळली. "बोल. तो यायच्या आत."

जिन्यावर पावलं वाजू लागली. मधलीने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

"तो वर्षभर माझ्यापाशी फक्त तुझ्याबद्दल बोलायचा," थोरली म्हणाली. "तू मान वर करून कुणाकडे बघतच नव्हतीस. मला त्याची दया आली. मी मागितलं, माझ्या मधल्या बहिणीचा या माणसावर जीव जडू दे."

दार उघडलं. तो हसत आत आला, थोडा दमलेला, आणि बायकोकडे पाहून त्याचा चेहरा नेहमीसारखा उजळला.

मधलीने त्याच्याकडे पाहिलं. माणूस भला दिसत होता.