ब्लीचचं लग्न

भक्तीची आई झोपेतच गेली. त्याच्या आदल्या दिवशी दुपारी तिचं लग्न होतं. नोएडातल्या एका उंच ऑफिसच्या तळघरात, ॲसिडशी.

ॲसिड म्हणजे गाझियाबादची कमलेश. ताडमाड बाई, डोक्याला गुलाबी साफा, अंगात निळा एप्रन. ब्लीच म्हणजे नीलम, भक्तीची आई, त्या इमारतीच्या सफाईची सुपरवायझर. पांढरी साडी, कोपरापर्यंत रबरी मोजे, कपाळावर चढवलेला गॉगल आणि गॉगलवरून सोडलेल्या मुंडावळ्या. अक्षता नव्हत्या. "झाडणार कोण?" म्हणून नवरीनंच त्या रद्द केल्या होत्या.

समोर सतरंजीवर सफाईच्या बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. पहिल्या ओळीत पूनम, ओढणी नाकाला लावून. गेल्या आठवड्यात तिनं जास्त स्वच्छ निघेल म्हणून एकाच बादलीत ॲसिड आणि ब्लीच ओतलं होतं, तेही बाथरूमचं दार लावून. त्यातून उठलेल्या विषारी वायूनं गुदमरून पडली. हॉस्पिटलमधून परत आली ती बाथरूमच्या दारातूनच माघारी फिरायला लागली. काम सोडून गावी जाते म्हणाली होती. सेफ्टी ऑफिसर विनय सरांनी सगळ्यांना इंग्रजी स्लाइड दाखवल्या, तेव्हा बायका एसीत छान झोपल्या. मग नीलम म्हणाली, "सर, मुझे दस मिनट दो. मैं शादी कर लेती हूँ."

अंतरपाटाची शाल मात्र ती घरी विसरली. ती द्यायला भक्ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली, आणि टोक धरायला माणूस कमी म्हणून तिलाच उभं केलं. दुसरं टोक विनय सरांकडे.

"ये परदा काहे का?" बायकांतून कुणीतरी विचारलं.

"हमारे में दूल्हा-दुल्हन के बीच में पकड़ते हैं," आई म्हणाली. "और इस शादी में ये हटेगा ही नहीं. पकड़े रहना, सर. भक्ती, तूसुद्धा गं."

"मुँह तो दिखा दे, बहन!" पलीकडून नवरदेवाची हाक आली.

"मुँह देखा तो सीधा अस्पताल जाएगा."

नवरी स्वतःच मंगलाष्टक म्हणू लागली. त्या इमारतीत दुसऱ्या कुणाला चाल येत नव्हती.

"देखो, ये न कभी मिलें जनम में, बाल्टी जुदा ही रखो..."

"सावधान!" बायकांनी साथ दिली.

कडव्यामागून कडवं आईचा आवाज चढत गेला. कुणीतरी बादली पालथी घालून ताशासारखी बडवायला घेतली. तळघर दणाणलं. शेवटचं "सावधान" झालं, टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि भक्तीनं झटकन अंतरपाट ओढून घेतला. मामेबहिणींच्या, मावसभावांच्या लग्नांत आजवर ओढला होता, तसाच. विनय सरांच्या हातातलं टोक निसटलं.

नवरा-नवरी समोरासमोर.

आईनं एकदा लेकीकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी गळा धरला, खोकली, गरगर फिरली आणि सतरंजीवर आडवी झाली. कमलेश तिच्या बाजूला धाडकन कोसळली.

बायकांना हसू आवरेना. पूनम तेवढी हसली नाही. ती उठली.

"हँस क्या रही हो? दरवाज़ा खोलो! बाल्टी छोड़ो, पहले इन दोनों को बाहर निकालो!"

तिनं स्वतःच दार उघडलं, नवरीच्या काखेत हात घातले आणि ओढत निघाली. दोघीतिघी मदतीला धावल्या. वरात पार्किंगच्या उतारावर, उन्हात आली.

"अरे, साड़ी! मेरी साड़ी!" बेशुद्ध नवरी ओरडली.

पूनमला हसू फुटलं. ओढणी नाकावरून कधीच घसरली होती. हसता हसता ती तिथंच फतकल मारून बसली.

आईनं भक्तीकडे बोट दाखवलं. "ये देखो, मेरी अपनी बेटी. इतना पढ़ी-लिखी है. बोला था पकड़े रहना, फिर भी हाथ से हो गया. क्यों हुआ?"

"आदत," पूनम डोळे पुसत म्हणाली. "मेरा भी ऐसे ही हुआ था, दीदी. घर में तो सब मिला के ही डालते हैं." मग जरा थांबून म्हणाली, "अगली बार दुल्हन मैं बनूँगी."

"और मैं?"

"आप सास."

पुन्हा हशा पिकला. विनय सरांनी घड्याळ पाहिलं. "वाह नीलमजी. चलो, लंच."

बायका उठल्या. आईनं मुंडावळ्या सोडायला हात वर नेला.

दिल्लीच्या मराठी मंडळात दर गणपतीला आई नाटकात असायची. आजूबाजूच्या खुर्च्यांवरून आरोळ्या उठायच्या, आणि भक्ती हात मांडीवर ठेवून बसायची. घरी आल्यावर म्हणायची, "बरं झालं नाटक." त्याहून जास्त कधी काही तिच्या तोंडून निघालं नव्हतं.

आता भक्तीनं शाल झटकली आणि एक टोक विनय सरांच्या हातात दिलं.

"वन्स मोअर!" ती ओरडली. गेटवरचा गार्डसुद्धा वळून बघायला लागला. "आई, परत एकदा! या वेळी मी सोडणार नाही."